भगवंतरावांची पंगत

आमच्या भाऊजींच्या तोंडून मी आयुष्यात एकच शिवी ऐकली आहे, आणि ती पंगतीतून मधेच उठणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेली होती. शिवी इथं लिहिण्यासारखी नाही. पण ती ऐकलेली माणसं वलगावात अजून आहेत आणि ताक पिऊन होईपर्यंत पाटावरून हलत नाहीत.

भाऊजी म्हणजे भगवंतराव, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बहिणीचं नाव सुभद्रा, आम्ही तिला बाई म्हणतो. अमरावतीजवळ वलगावात त्यांची चांगली काळी जमीन आहे, तूर, सोयाबीन, कपाशी पिकते. पण गावात त्यांना ओळखतात ते पंगतीमुळे. लग्न असो की तेरवी, वाढपी कोण, भाजी आधी की वरण आधी, म्हाताऱ्यांच्या ओळीत मऊ पोळी गेली की नाही, हे सगळं भगवंतराव बघणार आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसणार. गावात बुफे आला तेव्हा ते आठवडाभर तोंड पाडून हिंडले. "ढोरं बी बसून रवंथ करते," म्हणाले, "अन् आपन उभ्यानं चरून राहिलो."

त्यांचा नियम साधा होता. ओळीत एक जरी माणूस जेवत असला, तरी पंगत बसलेली आहे. त्याचं ताक होईपर्यंत बाकीच्यांनी हात वाळवत बसायचं. पौर्णिमाचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न झालं तेव्हा तिचे सासरे, तेल्हाऱ्याचे नत्थुजी, जेवता जेवता फोन आला म्हणून उठायला लागले. जिनिंगवाल्याचा फोन, कापसाच्या भावाचा. भाऊजी मागून आले, त्यांनी वरबापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं. "बसा इवाई," म्हणाले, "पंगत उठली नाई अजून." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि वरबापाच्या खांद्यावर लग्नाच्या मांडवात असा हात कोणी ठेवत नाही. नत्थुजी बसले, हसले, फोन वाजत राहिला. पण तो हात ते विसरले नाहीत.

दुखणं सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वी. संडासात रक्त पडायला लागलं. आता वऱ्हाडात रक्त पडलं की मूळव्याध, आणि मूळव्याधीवर औषध ठाऊक नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. भाऊजींनी सुरण खाल्लं, कोणाचं तरी भस्म खाल्लं, परतवाड्याहून एक काढा आणून प्यायला. वजन उतरत गेलं. बाईनं मला अकोल्याला फोन केला, मी मोटार रिवायंडिंगचं दुकान बंद केलं, वलगावला गेलो आणि भाऊजींना नाही नाही ते बोललो. साळ्याला तेवढा अधिकार असतो. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं, दुर्बीण घातली, तुकडा काढून पाठवला. गुदाशयाचा कॅन्सर निघाला.

माझं घर दुकानाच्या मागेच आहे आणि दवाखाना तिथून जवळ, म्हणून उपचार अकोल्यात करायचे ठरले. आधी किरणं दिली, त्याबरोबर गोळ्या, मग काही आठवडे नुसती वाट पाहिली, आणि मग ऑपरेशन. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ काढून आतडं खाली जोडायचं, पण तो जोड कच्चा असतो. तो भरून येईपर्यंत त्याच्यावरून मळ जायला नको. म्हणून वरच्या लहान आतड्याचं तोंड काही महिने पोटावर काढून ठेवायचं, त्याला पिशवी लावायची, आणि सगळं नीट झालं की ते तोंड परत बंद करायचं. भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "पंगतीत बसता येईन का?"

डॉक्टर पुण्याकडचे होते. ते म्हणाले, "का नाही? बसा की." भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांना प्रश्नच कळला नव्हता.

पिशवी म्हणजे काय ते नंतर कळलं. बेंबीच्या उजवीकडे डाळिंबाच्या कळीएवढं लाल तोंड, बोट लावलं तरी त्याला काही कळत नाही, आणि माणसाचं काही ऐकत नाही. केव्हाही वाहणार, आणि केव्हाही आवाज करणार. माणूस पेपर वाचतोय आणि पोट आपलं आपलं बोलतंय. पातळ जातं, म्हणून अकोल्याच्या उन्हाळ्यात मीठ-साखरेचं पाणी सतत प्यावं लागे. पिशवी जरा सुटली की कातडी भाजल्यासारखी लाल होई. बाईनं सगळं शिकून घेतलं, भोक मापानं कापणं, पावडर लावणं, हळू हातानं चिकटवणं. नर्स तिला म्हणाली, तुम्ही आमच्याकडेच लागा कामाला. मी आमच्या बाईला लहानपणापासून झुरळाला भिताना पाहिलं आहे. तिचे हात थरथरले नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्या दिवसापासून मी तिच्याशी वाद घालायचं कमी केलं.

भाऊजी तसे शहाण्यासारखे वागले, एक संत्र्याची गोष्ट सोडून. वरूडच्या त्यांच्या मित्रानं पेटी पाठवली. डॉक्टरांनी सांगितलेलं, फोड चोखायची आणि चोथा टाकायचा. पण वऱ्हाडी माणसानं संत्र्याची फोड चोखून टाकायची म्हणजे देणाऱ्याचा अपमान. भाऊजींनी माझी पाठ वळलेली पाहून पाच-सहा संत्री फोडींसकट फस्त केली. चोथा आतड्यात अडकला, पिशवी कोरडी, पोट फुगून नगारा. दोन दिवस सलाईनवर काढले. "मित्राचं मन राखलं," म्हणाले. मी म्हटलं, मित्राला सांगतो आता तेराव्याला पेटी पाठव म्हणून. बाईनं मला बाहेर काढलं.

हे सगळं निभलं. निभत नव्हती ती एक गोष्ट. सोयऱ्यांत कोणाला कळायला नको, असं भाऊजींनी सांगून ठेवलं होतं. पोटात गाठ होती, काढली, एवढंच. पौर्णिमाला आणि तिच्या भावाला, अमोलला ठाऊक होतं, पण दोघांना शपथ घातलेली. पंगतीच्या माणसाच्या पोटावर पिशवी आहे, हे तेल्हाऱ्याला कळलं तर आपण उद्या कोणाच्या ओळीत बसायचं, असं त्यांना वाटे. मी पुष्कळ समजावलं. त्यावर ते फक्त म्हणायचे, "गोपाल, तू नको बोलू."

त्यातच पौर्णिमाच्या मुलाचं जावळ आलं. मामाच्या मांडीवर बसवून बाळाचे पहिले केस काढतात, म्हणून अमोलला जाणं भाग होतं, आणि आजोबांनी न जाऊन कसं चालेल? गेलो सगळे. नत्थुजींच्या अंगणात मोठा मांडव, पाटाची पंगत. व्याह्यांच्या मानाला म्हणून नत्थुजींनी मुद्दाम बुफे टाळला होता. हात जोडून आले, "चला इवाई, पहिल्या ओळीत तुमी."

भाऊजी म्हणाले, "मले उपास हाय."

"आज? एकादस तं परवाच झाली."

"नवसाचा उपास हाय."

नत्थुजींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मांडलेल्या पाटाकडे बघितलं, आणि ते दुसऱ्या पाहुण्यांकडे गेले. भाऊजी पूर्ण पंगत भिंतीशी खुर्चीवर बसून होते, पोटावर उपरणं धरून. ज्याच्यासाठी पंगत मांडली तोच उपाशी गेला, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, सोयरा रुसला. तेल्हाऱ्याचे फोन बंद झाले. दिवाळीला पौर्णिमाला माहेरी पाठवलं नाही. तिला स्वयंपाकघरात टोमणे बसायला लागले, की तुझ्या बापाला आमचं अन्न चालत नाही. पोरीनं शपथ मोडली नाही. बाई फोन ठेवून रडायची आणि भाऊजी ते ऐकून छताकडे बघत पडायचे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नत्थुजी माझ्या दुकानात आले. जळालेली मोटार घेऊन आले होते, पण तेल्हाऱ्यात काय मोटार भरणारे नाहीत? मी चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं आणि मग निघालंच.

"तुमच्या भाऊजीले आमच्या घरचं पानी बी चालत नाई म्हना," ते म्हणाले. "आमचं काय चुकलं, तेवढं सांगा. लेक तं आमी नीट ठेवून राहिलो."

भाऊजी तेव्हा ऑपरेशननंतरच्या केमोसाठी माझ्याकडेच होते, भिंतीपलीकडच्या खोलीत. मला सगळ्यांचा राग आला, नत्थुजींचा, भाऊजींचा आणि त्या शपथेचा. मी हातातला पाना ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. कॅन्सर, किरणं, पिशवी, उपास, सगळं. भाऊजींनी मला बोलू नको म्हटलं होतं. बरं झालं बोललो, आजही तसंच वाटतं.

नत्थुजींनी चहा तसाच खाली ठेवला. म्हणाले, "कुठी हाये ते?"

मी त्यांना आत नेलं. भाऊजींनी मला बघितलं, व्याह्यांना बघितलं, आणि त्यांना कळलं. उठून बसले आणि त्यांनी स्वतःच सदरा वर केला. नत्थुजी वाकून बघत राहिले.

"दुखते?"

"नाई. त्याले हात लावला तरी समजत नाई."

"काय जेवता मंग?"

"भात. केळं. ताक चालते."

"ताक चालते," नत्थुजी म्हणाले, "अन् आमच्या घरून कोरडे गेले. ताक तं होतं ना बाप्पा आमच्या घरी."

"अन् पंगतीत हे बोललं असतं, तं?" भाऊजींनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"माहा बाप पंगतीत काय काय बोले ते तुमाले मालूम नाई."

भाऊजी आधी हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. नत्थुजी पलंगावर त्यांच्या शेजारी बसले. मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर आलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

संध्याकाळी नत्थुजींच्या घरून त्यांच्या पत्नीचा, विहीणबाई दुर्गाबाईंचा, बाईला फोन आला. त्यांनी नवस बोलला होता. पोटावरचं तोंड मिटलं की त्यांच्या शेतातल्या मारोतीपुढं रोडग्याची पंगत, आणि इवाई पहिल्या ओळीत. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्याकडे नवस फेडायचा तो रोडग्यांनीच. पौर्णिमा त्या आठवड्यात माहेरी आली, दिवाळी होऊन गेली होती तरी.

केमो संपला. खालून औषध सोडून फोटो काढला, जोड पक्का निघाला. डॉक्टर म्हणाले, आता बंद करू. आणि भाऊजी अडून बसले. ड्रेसिंगच्या रांगेत त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तोंड बंद केल्यावर माणूस दिवसभर संडासातच असतो. डॉक्टरांनीही ते नाकारलं नाही. गुदाशय काढला आहे, साठवायला जागा कमी, काही महिने घाई होईल, हळूहळू सुधारेल, पूर्वीसारखं अगदी होईलच असं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"हे पिशवी निदान सांभाळाले तं येते," भाऊजी म्हणाले.

बाई म्हणाली, "ठेवाची तं ठेवा. मी हाये." दुसरी कोणी असती तर तिनं आग्रह केला असता. ती तेवढं बोलून भाजी निवडायला बसली. भाऊजी दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ईनबाईनं नवस बोलला. आता न फेडता कसा राहाचा?"

ऑपरेशन लहान होतं, पण नंतरचे दिवस लांब. पोट पुन्हा चालू झालं की नाही हे कळायला आधी वारा सरायला लागतो, म्हणून आम्ही सगळे एका प्रतिष्ठित माणसाच्या पादण्याची वाट बघत वॉर्डात बसलो होतो. डॉक्टर सकाळी विचारणार, नर्स दुपारी विचारणार, शेजारच्या पलंगावरच्या कुर्बानभाई सुतारांचा मुलगा परवेज येता-जाता विचारणार, "हुआ क्या काका?" चौथ्या दिवशी झालं. बाईनं देवाला हात जोडले आणि मला पेढे आणायला पिटाळलं. हलवायानं विचारलं, काय, मुलगा झाला? मी हो म्हटलं. वॉर्डात सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि कुर्बानभाईंनी तर भाऊजींचं मनापासून अभिनंदन केलं.

पुढचे महिने डॉक्टरांनी सांगितले होते तसेच गेले, थोडे वाईटच. दिवसातून किती वेळा जावं लागे ते मोजणं बाईनंच बंद केलं. लागली की थांबत नसे. आवळून धरायचे व्यायाम भाऊजी पोथीसारखे रोज नेमानं करत. वलगावहून अकोल्याला तपासणीला यायचं म्हणजे बडनेऱ्यात कुठं थांबता येईल, मूर्तिजापुरात कुठं, हे आधी ठरवावं लागे. मूर्तिजापूरच्या एका चहावाल्यानं एकदा त्यांचा चेहरा बघून न विचारता मागच्या आपल्या घराचं दार उघडून दिलं होतं. भाऊजी अजूनही तिथं थांबतात. गरज नसली तरी थांबतात, चहा घेतात आणि त्याच्या पोरांसाठी शेतातली तूर ठेवून येतात.

पंगतीला मात्र ते बसत नव्हते. गावात लग्नं झाली, भाऊजी वाढप्यांना सूचना देऊन घरी यायचे. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना उठू दिलं नाही, त्यानं स्वतः मधून उठायचं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. दुर्गाबाईंनी घाई केली नाही. फोनवर म्हणायच्या, "नवस काही पळून नाई जात, इवाई." शेवटी यंदा, तूर कापून झाल्यावर, भाऊजी आपण होऊन म्हणाले, "करून टाका."

तेल्हाऱ्याला नत्थुजींच्या शेतात गेलो तेव्हा गोवऱ्यांचा आर पडला होता आणि अमोल आणि पौर्णिमाचा नवरा रोडगे उलटवत घामाघूम झाले होते. मारोतीच्या पारामागं, विहिरीजवळ, पत्र्याचं एक नवं कोरं खोपटं दिसलं. मला वाटलं मोटारीसाठी केलं असेल, आणि मनात आलं की मोटारीला एवढी रंगवलेली कडी कशाला. मी विचारलं नाही.

पंगत बसली. भाऊजी पहिल्या ओळीत, उजवीकडे नत्थुजी, डावीकडे मी. पत्रावळीवर रोडगा पडला, वर तूप, बाजूला वांगं. भाऊजींनी पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. दुसरा रोडगा त्यांनी मागून घेतला. मला इतकं बरं वाटलं की मी तिसरा घेतला.

आणि मग मी त्यांचा हात थांबलेला पाहिला. कपाळावर घाम आला होता. त्यांनी ओळीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हातारी माणसं, पोरं, तेल्हाऱ्याचे सगळे सोयरे. त्यांना उठायचं होतं आणि ते उठत नव्हते. मी हळूच म्हटलं, "जा ना भाऊजी." ते तसेच बसून राहिले. तेव्हा नत्थुजी पत्रावळीवरून नजर न उचलता म्हणाले, "विहिरीपाशी नवं खोपटं हाये. आत बसाचा कमोड बसवला, पानी भरून ठेवलं. इवाईसाठीच केलं."

भाऊजी उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते पंगतीतून उठले.

त्यांना बराच वेळ लागला. लागतोच. बाहेर आले, हात-पाय धुतले, आणि मान खाली घालून पारापर्यंत आले. तिथं त्यांनी वर बघितलं.

ओळ तशीच बसलेली होती. कोणी घास घेतला नव्हता, कोणी उठलं नव्हतं. सगळ्यांचे हात वाळले होते. लहान पोरंसुद्धा पत्रावळीपुढं मांडी घालून बसली होती, आणि वाढपी वरणाची बादली खाली टेकवून उभा होता.

"काहून बसले तुमी?" भाऊजी म्हणाले. "जेवून घ्याचं ना."

नत्थुजी उठले नाहीत. भाऊजी शेजारी येऊन वाकले तसा त्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला, त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि त्यांना खाली बसवलं.

"बसा इवाई," म्हणाले, "पंगत उठली नाई अजून."

भाऊजी बसले. ओळीनं पुन्हा घास उचलले. भाऊजींचा रोडगा निवला होता, पौर्णिमानं त्यावर गरम तूप घातलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण हात पुन्हा उष्टा झाला होता. त्यांनी पत्रावळ स्वच्छ केली. मग ताक मागितलं, ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि नेहमीच्या सवयीनं ओळीच्या दोन्ही टोकांना कोणाचं राहिलं का ते बघून घेतलं. कोणाचं राहिलं नव्हतं, शेवटचे तेच होते. त्यांनी मान हलवली, आणि पंगत उठली.